विश्लेषण : दीपगृहाचा दिवा आपोआप लागतो, पण समुद्राकडे बघतो कोण?

कोकणच्या किनाऱ्यावर अंधार पडू लागला की दीपगृहाचे दिवे लागतात. दिवा पेटवायला आता रोज कोणी काडेपेटी घेऊन जिना चढत नाही. एके काळी याच दिव्यासाठी दोन-तीन माणसे आळीपाळीने रात्र जागून काढत. त्यांचे काम यंत्राने कसे घेतले, जीपीएस असताना हा दिवा हवाच कशाला, आणि रात्रभर जागा असणारा माणूस दिव्याशिवाय आणखी जे करत होता ते आता कोण करते, हे समजून घेऊ.

ठाणे-कल्याण-डोंबिवलीचा दीपगृहाशी काय संबंध?

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि ठाणे जिल्ह्याचा खुला समुद्र जवळजवळ सगळा त्याच्याकडे गेला. उरला तो भाईंदरच्या पश्चिमेचा उत्तन, चौक, पालीचा तुकडा. घोडबंदर रस्त्याने काशीमिरा, तिथून भाईंदर पश्चिम आणि मग मिठागरांच्या कडेने उत्तन. ठाण्याहून सुट्टीच्या दिवशी अनेक जण या वाटेने जातात, मासे घेतात, परततात. तिथल्या टेकाडावर एक दीपगृह आहे, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानात असते.

या टेकाडाच्या उत्तरेला वसईच्या खाडीचे मुख आहे. बदलापूर, कल्याण, डोंबिवलीच्या कडेने वाहणारी उल्हास नदी इथेच समुद्राला मिळते. कल्याणला गलबते यायची ती याच तोंडातून आत शिरून. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर मराठी आरमाराची पहिली जहाजे कल्याणच्या खाडीत बांधली गेली. त्यांचीही समुद्राकडची वाट हीच. पुढे चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत, १७३७ ते १७३९ या काळात, चौकजवळच्या धारावीच्या किल्ल्यासाठी मोठी झुंज झाली. (मुंबईतली धारावी वेगळी.) कारण साधे होते. खाडीच्या तोंडावरचे उंच टेकाड ज्याच्या हाती, त्याला आत-बाहेर करणारे प्रत्येक गलबत दिसते. दीपगृहासाठीही जागा निवडतात ती अशीच.

दुसरा संबंध दिव्याहून सुटणाऱ्या सावंतवाडी गाडीचा. कल्याण-डोंबिवलीत कोकणातून आलेली हजारो कुटुंबे आहेत. कोणाच्या गावाकडून जयगडचा दिवा दिसतो, कोणाच्या अंजनवेलचा, कोणाच्या देवगडचा. गणपतीला गेल्यावर अंगणातून दिसणारी ती उघडझाप लहानपणापासून ओळखीची असते.

दीपगृह टेकाडावरच का बांधतात?

पृथ्वी गोल आहे म्हणून. दिवा कितीही प्रखर असला तरी क्षितिजाखाली गेला की दिसत नाही. नाविकांचा एक ठोकताळा आहे. दिव्याची समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचे वर्गमूळ काढायचे. बघणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीचेही वर्गमूळ काढायचे. दोन्हींची बेरीज २.०८ ने गुणली की दिवा किती सागरी मैलांवरून दिसेल ते कळते.

समजा दिवा १०० मीटर उंचीवर आहे आणि मच्छीमाराचा डोळा पाण्यापासून ४ मीटरवर. वर्गमुळे १० आणि २, बेरीज १२, गुणाकार सुमारे २५ सागरी मैल. सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, म्हणजे ४६ किलोमीटर. मुंबईच्या सीएसएमटी स्थानकापासून डोंबिवली लोहमार्गाने जेवढी लांब आहे, जवळपास तेवढे अंतर. हाच दिवा सपाट वाळूत २५ मीटरच्या मनोऱ्यावर असता तर अंतर १५ मैलांच्या आत आले असते. म्हणूनच कोर्लईचे दीपगृह कुंडलिकेच्या तोंडावरच्या किल्ल्याच्या डोंगरावर आहे आणि रत्नागिरीचे रत्नदुर्गाच्या कड्यावर. आपल्याकडची कित्येक दीपगृहे किल्ल्यांत किंवा किल्ल्यांशेजारी सापडतात, त्याचे कारण हेच.

या दिव्याला रोज माणूस का लागत असे?

खांदेरीचे उदाहरण घेऊ. थळसमोरच्या या बेटावर शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये किल्ला बांधायला घेतला तो मुंबईच्या इंग्रजांवर आणि जंजिऱ्याच्या सिद्दीवर नजर ठेवता यावी म्हणून. इंग्रजांनी तो होऊ नये यासाठी आरमार पाठवले, मायनाक भंडारी आणि त्यांच्या माणसांनी ते काम रेटून नेले. बेट पुढे इंग्रजांकडे गेले आणि १८६७ मध्ये तिथे दीपगृह उभे राहिले. दक्षिणेकडून मुंबईला येणाऱ्या जहाजांना बंदराची चाहूल देणारा हा दिवा. आता त्याला कान्होजी आंग्रे यांचे नाव आहे. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी वास्तूंना जागतिक वारसा ठरवले, त्या १२ किल्ल्यांत खांदेरीही आहे.

त्या काळच्या दिव्यात तेल जळे. तेल भरणे, वात कातरणे, काजळी पुसणे ही रोजची कामे. दिव्याभोवती काचेचे मोठे भिंग असे. फ्रान्सच्या ऑगस्टिन फ्रेनेल यांनी भिंगाचा जाड काच-गोळा बाजूला सारून कड्यांकड्यांच्या लोलकांचे भिंग तयार केले आणि १८२३ मध्ये कोर्दुआंच्या दीपगृहात ते पहिल्यांदा बसवले गेले. चहूकडे विखुरणारा उजेड या कड्या गोळा करतात आणि क्षितिजाकडे सरळ झोतात सोडतात. दिव्याची ज्योत स्थिर जळते; फिरते ते भिंग. ते फिरताना झोत आपल्या डोळ्यांवरून जातो, त्या क्षणी आपल्याला लखलखाट दिसतो.

हे भिंग काही टनांचेही असे. ते हलके फिरावे म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्याला पाऱ्याच्या कुंडात तरंगत ठेवण्याची पद्धत आली. मग ते बोटाने ढकलले तरी हले. फिरवायला घड्याळासारखे चक्र, त्याला दोरखंडाने टांगलेले वजन. वजन मनोऱ्याच्या पोटातून हळूहळू खाली येई आणि काही तासांनी ते हाताने गुंडाळून पुन्हा वर घ्यावे लागे. झोप लागली, वजन तळाला टेकले, तर भिंग थांबणार. भिंग थांबले की समुद्रावरच्या तांडेलाला दिवा ओळखू येणार नाही. आणि चुकीचा ओळखलेला दिवा न दिसलेल्या दिव्यापेक्षा वाईट.

दिवसाही सुटका नव्हती. हेच भिंग सूर्याचे ऊन उलट आत गोळा करते, त्यातून दिव्याचे नुकसान होऊ शकते, आगही लागू शकते. म्हणून सकाळी खिडक्यांना पडदे ओढायचे, काच पुसायची, पितळ घासायचे. पाऱ्याची वाफ फुप्फुसात जाते आणि ती विषारी असते, हे त्या बंद खोलीत वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांच्या ध्यानात फार उशिरा आले. दीपगृहातल्या नोकरीबद्दल आपण हळवे होऊन बोलतो. त्यात हा पाराही धरला पाहिजे.

माणसाशिवाय दिवा लावायची युक्ती कोणाची?

संगणकाच्या कितीतरी आधीची. स्वीडनचे गुस्ताफ डालेन यांनी १९०७ मध्ये ‘सूर्यझडप’ म्हणावे असे एक उपकरण बनवले. त्यात वीज नाही, घड्याळ नाही. मधोमध एक काळी दांडी आणि भोवती चकचकीत दांड्या. ऊन पडले की काळी दांडी उजेड शोषून इतरांपेक्षा किंचित जास्त गरम होते, किंचित जास्त लांबते आणि गॅसचे तोंड बंद करते. अंधार झाला की ती आखडते, तोंड उघडते, गॅस सुटतो आणि सतत तेवणाऱ्या बारीक ज्योतीवर दिवा पेटतो. ढग दाटून आले तर दिवसाही पेटतो.

जोडीला त्यांनी ॲसिटिलीन गॅस थोडा थोडा सोडून उघडझाप करणारे यंत्रही केले. दिवा सतत जळण्याऐवजी क्षणभर पेटून विझू लागला, त्यामुळे गॅसची बहुतेक सगळी नासाडी वाचली. एकदा टाक्या भरून ठेवल्या की खडकावरचा दिवा महिनोन्‌महिने एकटा चालू लागला. १९१२ मध्ये गॅसच्या टाक्यांची चाचणी करताना स्फोट झाला आणि डालेन यांची दृष्टी गेली. त्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले; ते घ्यायला त्यांचे भाऊ गेले, जे स्वतः डोळ्यांचे डॉक्टर होते. डालेन पुढे २५ वर्षे आपली कंपनी चालवत राहिले.

दीपगृहे निर्मनुष्य व्हायला मात्र आणखी बराच काळ गेला. ब्रिटनमधले शेवटचे माणसाचे दीपगृह, केंट परगण्यातले नॉर्थ फोरलँड, नोव्हेंबर १९९८ मध्ये स्वयंचलित झाले. जपानमध्ये हा टप्पा २००६ मध्ये आला. कॅनडाने उलटा कौल दिला. तिथल्या दोन्ही महासागरांच्या किनाऱ्यांवर अजून सुमारे ५० दीपगृहांत माणसे राहतात, कारण मच्छीमार आणि छोटी विमाने चालवणारे म्हणाले, आम्हाला दिव्यापेक्षा हवामान सांगणारा माणूस हवा.

आजचे स्वयंचलित दीपगृह चालते कसे?

सूर्यझडपेची जागा प्रकाश ओळखणाऱ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक डोळ्याने घेतली आहे. तुमच्या सोसायटीतला जिन्याचा दिवा संध्याकाळी आपोआप लागतो, त्याच जातीचा. पूर्वीच्या शेकडो किंवा हजार वॉटच्या दिव्याऐवजी एलईडी येऊ लागले, ते त्याच्या एका लहान हिश्श्यात चालतात. एलईडी स्वतःच उघडमीट करतो, त्यामुळे फिरणारे भिंग नको, पारा नको, चक्र नको. (धुक्यातून हळूहळू फिरत जाणारा तो लांबलचक झोतही नको. एलईडीचा दिवा नुसता मिचकावतो. जुना दिवा पाहिलेल्यांना हे खटकते, आणि मला त्यांचे पटते.) एक दिवा गेला तर दुसरा आपोआप सुरू होतो. वीज गेली तर बॅटरी, बॅटरीमागे सौर पट्ट्या किंवा जनरेटर. बिघाड झाला तर दूरच्या नियंत्रण कक्षात सूचना जाते आणि माणूस दुरुस्तीला निघतो.

कोकणात सौर दिव्यांची परीक्षा जूनपासून असते. आठवडाभर ऊन नाही, वर खारा वारा आणि धातूवर गंज. त्याच काळात, १ जून ते ३१ जुलै, महाराष्ट्रात यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते, म्हणून लहान नौका किनाऱ्याला असतात. मोठ्या जहाजांना मात्र अशी सुट्टी नाही. शिवाय वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवरचा दिवा, जो तिकडे निवती रॉक म्हणून ओळखला जातो, बिघडला तर पावसाळ्यात तिथे होडी लावणेच कठीण. त्या खडकांच्या गुहांत पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. माणूस तिथे पाहुणा म्हणूनच जातो. अशा जागी बॅटरीची क्षमता ठरवताना हिशेब उन्हाचा नाही, होडी पोहोचायला किती दिवस लागतील याचा करावा लागतो.

दिवा किती वेळा चुकला तर चालेल, यालाही जागतिक निकष आहे. सर्वांत महत्त्वाच्या दिव्यांनी तीन वर्षांच्या सरासरीत ९९.८ टक्के वेळ चालू असावे, असे दीपगृहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे मानक सांगते. गणित करा : तीन वर्षांत मिळून फक्त ५२-५३ तासांची सूट. आपल्या घरच्या विजेला हा निकष लावून पाहायला हरकत नाही.

भारतात हा कारभार केंद्राच्या दीपगृह आणि दीपनौका महासंचालनालयाकडे आहे. दोनशेच्या आसपास दीपगृहे त्याच्या अखत्यारीत आहेत. खर्च मुख्यतः जहाजांकडून घेतलेल्या शुल्कातून भागतो. १९२७ चा दीपगृह कायदा जाऊन २०२१ मध्ये नवा कायदा आला, त्याच्या नावातून ‘दीपगृह’ शब्द गेला आणि ‘सागरी दिशादर्शन साहाय्य’ आले. दीपगृहात राहणाऱ्याचे पदही ‘लाइटकीपर’ राहिले नाही, ते ‘नेव्हिगेशनल असिस्टंट’ झाले. ही नुसती कागदी नावे नाहीत, त्यामागे कामच बदलले आहे. ते कसे, ते पुढे पाहू.

प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये जीपीएस आहे. मग दिवा कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. मोठ्या जहाजावर जीपीएस, रडार, इलेक्ट्रॉनिक नकाशा सगळे असते. तिथला अधिकारी दिव्यावर अवलंबून नसतो. तरी त्याला दिवा लागतो, कारण पडद्यावरचा आकडा खरा की खोटा हे पडद्याला विचारून कळत नाही.

जीपीएसचा संदेश हजारो किलोमीटरवरच्या उपग्रहांकडून येतो, पोहोचेपर्यंत तो अगदी क्षीण झालेला असतो. त्याच कंपनसंख्येवर जवळून गोंगाट केला की तो बुडतो. हुशारीने खोटा संदेश पाठवला तर जहाज भलतीकडेच असल्याचे दाखवते. २०१६ मध्ये उत्तर कोरियाच्या बाजूने असा गोंगाट झाला तेव्हा दक्षिण कोरियाच्या शेकडो मासेमारी नौकांना परतावे लागले. मे २०२५ मध्ये एमएससी अँटोनिया हे कंटेनर जहाज लाल समुद्रात जेद्दाजवळ उथळ पाण्यात रुतले. त्यामागे जीपीएसमधला हस्तक्षेप असावा, असे सागरी वाहतुकीवर नजर ठेवणाऱ्यांचे म्हणणे आहे. ही दूरची उदाहरणे असली, तरी मुंबई आणि जेएनपीएला येणारी कितीतरी जहाजे त्याच पाण्यातून येतात.

लहान होडीवरची अडचण वेगळी आहे. फोनची बॅटरी संपते, फोन भिजतो. मच्छीमारांच्या आधीच्या पिढ्या किनाऱ्यावरच्या दोन खुणा, एखादे देऊळ आणि त्यामागचा डोंगर, एका रेषेत आणून आपली जागा ठरवत. रात्री खूण एकच, दिवा. त्याला चार्जिंग लागत नाही, रेंज लागत नाही, त्याचे भाडे नाही.

पण दिवा असला म्हणजे अपघात टळतो, असेही नाही. ७ ऑगस्ट २०१० रोजी सकाळी एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ या जहाजांची मुंबई बंदराबाहेर टक्कर झाली. चित्रा कलंडले, कंटेनर पाण्यात पडले, तेल किनाऱ्यांना लागले. हे घडले त्या भागात कुलाब्याच्या टोकाचे प्राँग्ज दीपगृह १८७५ पासून उभे आहे. दिवसाउजेडी, दीपगृहाच्या साक्षीने दोन जहाजे एकमेकांवर आदळली. दिवा जागा सांगतो, समोरचा काय करणार आहे हे सांगत नाही.

मग माणूस दिव्याशिवाय काय करायचा?

बघायचा. नोकरीच्या कागदावर याला फारसे महत्त्व नसेल, पण किनाऱ्याच्या दृष्टीने ते अर्धे काम होते. वाऱ्याची नोंद, समुद्राची नोंद, कोणती होडी गेली आणि कोणती परतली नाही.

कोणीच बघत नसेल तर काय होते, हे १७ जुलै १९४७ ला दिसले. रामदास बोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. आषाढ अमावास्येचा सुमार, त्यामुळे घरी निघालेल्यांची गर्दी. अर्ध्या-पाऊण तासात काश्याच्या खडकाजवळ लाटांनी ती उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी संदेशाचे यंत्र नव्हते. मुंबईपासून फार दूर नसलेल्या पाण्यात हे घडूनही शहराला बातमी कळायला कित्येक तास गेले, आणि ती कळली पोहून किनाऱ्याला लागलेल्यांकडून. ज्यांना वाचवले ते रेवसकडच्या कोळ्यांनी, आपल्या होड्या घालून. आजूबाजूला दिव्यांची कमतरता नव्हती; वेळ सकाळची होती. कमी पडले ते बघणारे डोळे आणि ते पाहिलेले लगेच सांगण्याची सोय.

दुसरा प्रसंग २६ नोव्हेंबर २००८ चा. दहशतवादी ‘कुबेर’ ही मासेमारी नौका बळकावून मुंबईच्या पाण्यात आले आणि रबरी होडीतून कफ परेडच्या कोळीवाड्याजवळ उतरले. दिवा वाट सगळ्यांनाच दाखवतो, कोण येतो आहे हे तो विचारत नाही.

आता समुद्राकडे कोण बघते?

मनोरेच बघतात. २६/११ नंतर किनाऱ्यावर रडारची साखळी उभारली गेली. पहिल्या टप्प्यात मुख्य भूमी आणि बेटे मिळून ४६ ठिकाणी. यातले बरेच रडार दीपगृहांच्या जागी बसले, कारण उंच, समुद्राकडे तोंड असलेली सरकारी जागा दुसरी कुठून आणणार? त्याच सुमारास देशातल्या ७४ दीपगृहांवर एआयएसचे संदेश घेणारी यंत्रे लागली. एआयएस म्हणजे जहाजाने आपले नाव, जागा, वेग आणि दिशा रेडिओवरून सतत सांगत राहणे. या रेडिओलाही क्षितिजाची मर्यादा आहे, म्हणजे वर्गमुळाचे गणित पुन्हा आलेच. दीपगृहाची उंची पूर्वी दिसण्यासाठी कामी येई. आता ऐकण्यासाठीही येते. लाइटकीपरचा नेव्हिगेशनल असिस्टंट झाला तो या यंत्रांमुळे.

या जाळ्याला एक मोठे भोक आहे. रडारला लाकडी किंवा फायबरची छोटी होडी नीट दिसत नाही, लाटांच्या गोंधळात ती हरवते. आणि एआयएसची सक्ती आपल्याकडे झाली ती २० मीटरपेक्षा लांब नौकांना. उत्तन, अर्नाळा, सातपाटीच्या कितीतरी नौका याहून लहान. म्हणजे ज्या माणसाला मदतीची सर्वांत जास्त गरज पडू शकते, तोच यंत्राला सर्वांत कमी दिसतो. टेकाडावरच्या जागत्या माणसाला दुर्बिणीतून निदान त्याचा कंदील दिसला असता.

हे भोक बुजवण्यासाठी इस्रोच्या तंत्रज्ञानावरचे ट्रान्सपाँडर मासेमारी नौकांवर मोफत बसवण्याची योजना आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी तिचा देशव्यापी प्रारंभ पालघरमध्येच झाला. उद्दिष्ट एक लाख नौकांचे, खर्च साडेतीनशे कोटींच्या पुढे. या यंत्रावरून मोबाइलच्या टप्प्याबाहेरही उपग्रहामार्फत छोटा संदेश दोन्ही बाजूंनी जातो, संकटात कळ दाबता येते, सागरी हद्द ओलांडली जात असेल तर इशारा मिळतो. यंत्र बसवणे हा सोपा भाग. रात्री दोन वाजता आलेला तो संदेश वाचायला पलीकडे कोणी जागे आहे का, आणि त्याला निघायला बोट आहे का, यावर सगळे ठरते. स्वयंचलित यंत्रणेबद्दल बोलताना हा प्रश्न हमखास मागे राहतो.

त्याच दिवशी, त्याच कार्यक्रमात वाढवण बंदराची पायाभरणी झाली. डहाणूजवळचे हे बंदर सुरू झाले की जगातली मोठ्यात मोठी कंटेनर जहाजे पालघरच्या समोरच्या पाण्यात येतील, जिथे आज वसई ते डहाणूच्या होड्या जाळी टाकतात. मच्छीमारांचा बंदराला विरोध आहे, त्याची कारणे मासेमारी आणि पर्यावरणाची आहेत आणि तो स्वतंत्र विषय आहे. दिव्यांच्या बाजूने पाहिले तर एवढेच दिसते की या पट्ट्यात मोठ्या आणि लहानांची गर्दी एकाच पाण्यात वाढणार आहे.

दीपगृह बघायला जाता येते का?

काही ठिकाणी. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी देशातल्या ७५ दीपगृहांवरच्या पर्यटन सुविधांचे लोकार्पण झाले. कोर्लईला रेवदंड्याकडून जाणारे पर्यटक वर्षानुवर्षे दीपगृहात जात आले आहेत, तिथले कर्मचारी यंत्रे दाखवतात. वेळ साधारण दुपारनंतरची असते, दर ठिकाणची वेगळी, त्यामुळे आधी चौकशी करावी. ज्या दीपगृहांवर रडार आहे तिथे छायाचित्रांना मनाई असू शकते. कोर्लईत दार उघडायला माणूस आहे, म्हणूनच ते बघता येते. दिवा पूर्णपणे आपोआप चालू लागला की पहिले कुलूप जिन्याला लागते.

दिवा दुरून बघायला मात्र परवानगी लागत नाही. प्रत्येक दिव्याची उघडझाप ठरलेली असते आणि शेजारच्या दिव्यापेक्षा वेगळी असते. कोणी दर दहा सेकंदांना दोनदा लखलखतो, कोणी पंधरा सेकंदांना तीनदा. सागरी नकाशावर ती छापलेली असते. ओळखण्याची रीत अशी : लखलखाटांचा एक गट दिसला की त्यातल्या पहिल्यापासून मोबाइलचे स्टॉपवॉच सुरू करायचे, पुढच्या गटातला पहिला लखलखाट आला की थांबवायचे. असे तीनदा करायचे, कारण पहिल्या वेळी हमखास चुकते.

उत्तनला हे करायचे तर रिसॉर्टांच्या दिव्यांपासून जरा लांब जावे लागते. अलीकडे मीरा-भाईंदरच्या टॉवरांचा उजेड आकाशात एवढा पसरतो की मागच्या झगमगाटातून एक मिचकावणारा दिवा वेगळा काढणे समुद्रावरूनही अवघड होत चालले आहे. मच्छीमाराला परतताना सगळा किनाराच पेटलेला दिसतो. त्यातला आपला दिवा कोणता, हे त्याला सेकंद मोजूनच शोधावे लागते.